घरच्या वृद्धांसाठी मदतनीस तयार करताना: शिकवण्याचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

ब्युरोकडून मदतनीस येते. पहिल्याच सकाळी घरचे तिला तासाभरात सगळं सांगून मोकळे होतात: सकाळच्या गोळ्या या, रात्रीच्या त्या, शुगरचं मशीन इथे, डायपर कपाटात, काही लागलं तर फोन करा. ती मान डोलावते. पुढच्या पंधरवड्यात आजी बाथरूममध्ये पडतात किंवा शुगर उतरून घामाघूम होतात, आणि खापर मदतनीसाच्या डोक्यावर फुटतं. तिला सांगितलं सगळं होतं, शिकवलं काहीच नव्हतं.

ब्युरोंच्या प्रशिक्षणात वेगळी चूक होते. तिथे एकेक आजार वेगळा काढून शिकवतात: आज मधुमेह, उद्या रक्तदाब, परवा अर्धांगवायू. प्रत्येक धडा आपापल्या जागी बरोबर असतो. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला हे सगळं एकाच वेळी असतं. मधुमेहाचा धडा सांगतो, वेळेवर खायला घाला. गिळण्याचा धडा सांगतो, गुंगीत असलेल्याला भरवू नका. सकाळी साडेआठला आजी पेंगतायत आणि शुगरची गोळी पोटात गेली आहे, आता काय करायचं? हे मदतनीसाला कोणीच शिकवलेलं नसतं.

पुढचे टप्पे घरच्यांसाठी आहेत, तसेच लहान ब्युरो चालवणाऱ्यांसाठीही. शिकवताना मी एक नमुना आजी धरते, इथेही तीच धरू. वय ८२. मधुमेह आणि रक्तदाब. जुन्या अर्धांगवायूने उजवी बाजू कमजोर. पाणी पिताना ठसका लागतो. विस्मरण वाढलंय, लघवी धरवत नाही, कानाला यंत्र आहे. आजोबा असले, मदतनीस मावशींऐवजी मामा असले, तरी क्रम तोच.

टप्पा १: मदतनीस येण्याआधी घरच्यांनी करायची तयारी

आजींचा एक पूर्ण दिवस तासाप्रमाणे कागदावर उतरवा. किती वाजता उठतात, पहिली लघवी कधी, चहा कसा, दुपारी झोपतात का, संध्याकाळी चिडचिड कधी सुरू होते, रात्री किती वेळा उठतात. प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा: स्वतः करतात, आधार लागतो, अजिबात जमत नाही. "स्वतः करतात" हा रकाना सगळ्यात जपायचा. नवी मदतनीस मायेपोटी सगळंच स्वतः करायला लागते आणि महिन्याभरात आजींचा चालता हात बसतो.

त्याच दिवशी सहा गोष्टी पाहून ठेवा: हालचाल, खाणं आणि वजन, नजर, ऐकणं, स्मरण, मनाची अवस्था. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वृद्धांच्या एकत्रित देखभालीसाठी जी हस्तपुस्तिका काढली, तिची चाळणी या सहा गोष्टींवरच उभी आहे. तिथले दोन साधे मापदंड घरी वापरता येतात. तीन महिन्यांत कारण नसताना ३ किलोहून जास्त वजन उतरलं असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि ज्यांना आधाराशिवाय उभं राहता येतं, त्यांना हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला १४ सेकंदांहून जास्त लागत असतील, तर पायांतली ताकद कमी झाली आहे. आपल्या नमुना आजींवर हा दुसरा प्रयोग करायचा नाही, त्या पडतील.

औषधांची यादी एकच करा. हृदयाचे डॉक्टर वेगळे, मेंदूचे वेगळे, मधुमेहाचे वेगळे, आणि प्रत्येकाचा कागद निराळा, अशा घरात एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा चालू असलेलं सापडतं. सगळी पाकिटं पिशवीत भरून एका डॉक्टरांसमोर ठेवा आणि यादीवर त्यांची सही घ्या.

घरातलं लगेच करायचं काम: मोकळी पायपुसणी उचला, बाथरूमच्या दाराला बाहेरून उघडेल अशी कडी बसवा, कमोडजवळ भिंतीत पकडायला दांडा लावा, पलंग ते बाथरूम रात्रीचा दिवा लावा.

तपासणी: हा कागद घरात न राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वाचायला द्या. फक्त कागदावरून आजींचा दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, तर मदतनीसालाही कळेल.

टप्पा २: कामाची हद्द आणि तिची स्वतःची सोय

जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स केलेली मदतनीस नर्स नसते. नाकातली नळी घालणं, लघवीची नळी बदलणं, सलाईन लावणं, खोल जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची कामं आहेत. नळीतून भरवणं किंवा लघवीची पिशवी रिकामी करणं ती करू शकते, पण नर्सने समोर उभं राहून शिकवल्यावरच. डोस कमी-जास्त करणं कोणत्याही परिस्थितीत तिचं काम नाही. मुलाने फोनवर "आज अर्धी गोळी द्या" म्हटलं, तरी तिने डॉक्टरांचा निरोप मागावा, हे मुलाच्या देखतच तिला सांगा.

ड्यूटी १२ तासांची की २४ तासांची, जेवण कुठलं, झोपायला जागा कुठे, आठवड्याची सुट्टी कधी, हे पहिल्याच दिवशी ठरवा. रात्री पाच वेळा उठणारी बाई दुसऱ्या दिवशी नीट पाहू शकत नाही, आणि या कामात पाहणंच मुख्य आहे. घरात मदतनीसाशी गैरवर्तन होत असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या महिलाही येतात, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. उलट, घरच्यांकडूनच वृद्धाची हेळसांड होताना तिला दिसली, तर १४५६७ ही वृद्धांसाठीची मदतवाहिनी, म्हणजे एल्डर लाइन, आहे. दोन्ही गोष्टी ब्युरोने तिला पाठवण्याआधी सांगायला हव्यात.

टप्पा ३: उठवणं, बसवणं, चालवणं

बहुतेक जण औषधांपासून सुरुवात करतात. मी हालचालीपासून करते, कारण गोळ्या पहिले काही दिवस घरचे देऊ शकतात, पण बाथरूमला न्यायची वेळ पहिल्या तासातच येते.

पलंगावरून खुर्चीवर घेण्याचा क्रम असा:

१. खुर्ची आजींच्या चांगल्या बाजूला, म्हणजे इथे डावीकडे, पलंगाला तिरकी लावा. चाकाची असेल तर ब्रेक लावा आणि पायटे वर उचला.

२. काय करणार ते समोर येऊन, यंत्राच्या कानाकडून, एका वाक्यात सांगा. "आजी, आता खुर्चीत बसायचं."

३. आधी कुशीवर वळवा, मग पाय खाली सोडून बसतं करा. इथे दोन-तीन मिनिटं थांबा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब उठताना झपकन उतरू शकतो. डोळ्यांपुढे अंधारी येतेय का, ते विचारा.

४. चप्पल घाला. रबरी तळ असलेली, मागे पट्टा असलेली. मोजे घालून फरशीवर उभं करू नका.

५. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, गुडघ्यांच्या थोडी मागे. कमरेला रुंद पट्टा बांधून तो पकडा. गाऊन किंवा परकराची नाडी पकडून उचलू नका.

६. तुमचा गुडघा त्यांच्या कमजोर, म्हणजे उजव्या गुडघ्याला समोरून टेकवा, म्हणजे तो दुमडणार नाही. त्यांना पुढे झुकू द्या, नाक पायाच्या बोटांवर आलं पाहिजे. एक, दोन, तीन म्हणून उभं करा.

७. लहान पावलांनी वळा. खुर्चीची कड त्यांच्या पोटऱ्यांना लागली की हळूच टेकवा.

नव्या मदतनीसाचा हात दोन ठिकाणी हमखास चुकतो. ती काखेत हात घालून उचलते, किंवा कमजोर हात धरून ओढते. अर्धांगवायूनंतर खांद्याचे स्नायू सैल असतात, एका ओढीने सांधा निखळतो आणि पुढे कित्येक महिने दुखतो. आजींनी मदतनीसाच्या गळ्यात हात घालणंही बंद करा. दोघी पडतात, आणि तिची मान जाते.

हे शिकवताना आधी मदतनीसालाच पलंगावर झोपवा आणि तुम्ही तिला उठवा, एकदा चुकीच्या पद्धतीने, एकदा बरोबर. काखेतली ओढ स्वतःच्या खांद्याला जाणवली की पुन्हा सांगावं लागत नाही.

काठी चांगल्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कमजोर पाय. कपडे घालताना आधी कमजोर बाजू, काढताना शेवटी.

सावधान: पडल्या तर लगेच उचलू नका. कुठे दुखतंय ते विचारा. एक पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेरच्या बाजूला वळला असेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं, हलवू नका, १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर आजी हसून बोलत असल्या तरी रुग्णालयात न्या.

टप्पा ४: त्वचा, अंघोळ, लघवी आणि शी

अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, हे बहुतेकींना माहीत असतं. खुर्चीत बसवून ठेवलेल्यांनाही तोच धोका असतो, हे माहीत नसतं. खुर्चीत दर पंधरा ते तीस मिनिटांनी थोडं उचलून किंवा कलवून भार बदलावा लागतो. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, कानाची पाळी ही ठिकाणं रोज अंघोळीच्या वेळी उजेडात पाहायची. लालसर डागावर बोट दाबून सोडलं आणि तो क्षणभर पांढरा झाला नाही, तर तो जखमेचा आरंभ आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हाताने पाहायचं: भोवतीपेक्षा गरम, कडक किंवा जास्त काळपट लागतंय का. अशा जागी चोळायचं नाही. रबरी रिंगवर बसवणं घरोघरी चालतं, तेही बंद करा, कारण रिंगच्या कडेने रक्तपुरवठा आणखी तुटतो. एअर बेड असला तरी कूस बदलणं सुटत नाही.

मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते. तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या रोज पाहायच्या, कोरड्या करायच्या. गरम पाण्याची पिशवी पायांना लावायची नाही. भाजलं तरी आजींना कळत नाही, कळतं ते फोड आल्यावर.

डायपर "अजून हलकं आहे" म्हणून रात्रभर ठेवू नका. शी झाली की लगेच, नुसती लघवी असेल तर तीन-चार तासांनी बदला. बायकांना पुसताना पुढून मागे. सांध्यांच्या घड्यांत पावडर थापू नका, घामाने तिचे गोळे होतात आणि कातडी सोलते. पुसून कोरडं करा आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मलम पातळ लावा. त्याहून चांगलं, उठल्यावर, जेवणानंतर आणि दर दोन तासांनी कमोडवर बसवा. टप्पा १ मध्ये लिहिलेला लघवीचा क्रम इथे उपयोगी पडतो.

अंघोळीत अंग झाकूनच ठेवा, एका वेळी एकच भाग उघडा. विस्मरण झालेल्या आजींची अंघोळीच्या वेळची आरडाओरड बहुतेकदा थंडीची, लाजेची किंवा डोक्यावर अचानक पडलेल्या पाण्याची असते.

टप्पा ५: भरवणं

भरवणं म्हणजे ताट संपवणं, असा बहुतेकींचा समज असतो. ठसका लागणाऱ्या माणसाचं अन्न-पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो. म्हणून क्रम पाळायचा.

आधी पाहा, आजी पूर्ण जाग्या आहेत का, नाव घेतल्यावर बघतात का. मग चष्मा, कानाचं यंत्र, कवळी. मग शक्य तितकं ताठ बसवणं. पलंगावर उशांना रेलून अर्धवट झोपवून भरवायचं नाही. टीव्ही बंद. मदतनीसाने उभं राहून भरवू नये, समोर त्यांच्याच उंचीला बसावं, नाहीतर घास घ्यायला आजी मान वर करतात.

मान वर करण्यावर मी फार भर देते. फुलपात्रातून वरून पाणी पिण्याची आपली जुनी सवय आहे, आणि मदतनीसही चांगल्या भावनेने वरून धार सोडते. ठसका लागणाऱ्यांसाठी हे सगळ्यात धोक्याचं आहे, कारण मान मागे गेली की श्वासाची वाट उघडी पडते. मान सरळ किंवा किंचित खाली, रुंद तोंडाचा पेला, लहान घोट.

अर्धा चमचा. घास चांगल्या बाजूला, इथे डाव्या गालाकडे. गळ्याची घाटी वर जाऊन खाली येताना पाहायची, तेव्हाच पुढचा घास. मधूनच तोंड उघडायला सांगून उजव्या गालात साठलंय का ते बघायचं. पातळ आणि घन एकत्र असलेलं सगळ्यात अवघड जातं, जसं पातळ आमटीत भात किंवा दुधात चुरमुरे. सगळं एकसारखं मऊ आणि दाट असावं. पाणी किती दाट करायचं, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टना विचारा.

जेवल्यावर अर्धा तास बसूनच राहायचं. मग तोंड स्वच्छ. रात्री कवळी काढून पाण्यात. नाकातून नळी असली, काहीही तोंडाने घेत नसले, तरी तोंड रोज साफ करावंच लागतं, नाहीतर तिथले जंतू थुंकीबरोबर छातीत उतरतात.

थांबायच्या खुणा: खोकला, डोळ्यांत पाणी, घास गिळल्यावर ओलसर गुळगुळणारा आवाज, एका जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ. वरचेवर बारीक ताप येत असेल, तर तोही याच यादीत.

तपासणी: मदतनीसाने तुम्हाला एक वाटी मऊ भात भरवावा. तुम्ही तोंड भरलेलं असताना दुसरा चमचा पुढे आला, तर ती अजून तयार नाही.

टप्पा ६: औषधं, शुगर, रक्तदाब

आठवड्याची गोळ्यांची डबी घरच्यांनी भरायची, मदतनीसाने फक्त द्यायची. नोंदवहीत खूण गोळी गिळल्यावर करायची, हातात दिल्यावर नाही. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटण्याआधी विचारायचं: हळूहळू विरघळणाऱ्या आणि आवरण असलेल्या गोळ्या कुटल्या की पूर्ण डोस एकदम अंगात जातो किंवा पोटाला त्रास होतो. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, आणि तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर.

इन्सुलिनची एक चूक जिवावर बेतते. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन ४० युनिटचं आणि १०० युनिटचं, दोन्ही मिळतं. ४० साठी लाल टोपीची सिरिंज, १०० साठी नारिंगी. १०० ची कुपी लाल टोपीच्या सिरिंजने भरली, तर अडीचपट डोस जातो. कुपी आणि सिरिंजचं पाकीट एकाच डब्यात एकत्र ठेवा आणि दुकानातून आणल्यावर दोन्हीवरचा आकडा मोठ्याने वाचा. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. डोस भरायचं काम घरच्यांनी किंवा नर्सनेच ठेवावं, असं माझं मत आहे.

रक्तदाब घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, लघवी झालेली. चालवून आणून लगेच पट्टा बांधला, तर येणारा आकडा निरुपयोगी आहे.

टप्पा ७: गरजा एकमेकींना आडव्या येतात तेव्हा

इथवरचं कोणत्याही चांगल्या वर्गात शिकायला मिळेल. पुढचे प्रसंग मात्र तोंडी विचारून, मदतनीसाकडून उत्तर काढून घेऊन शिकवा. तिला विचार करायला वेळ द्या.

*आजी पेंगतायत, शुगरच्या औषधाची वेळ झाली.* क्रम कायमचा ठरवून टाका: आधी जाग, मग शुगरचा आकडा, मग ताट समोर तयार, मग जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन, लगेच जेवण. ताट समोर नसताना औषध नाही. आजी जेवल्याच नाहीत तर काय, हे डॉक्टरांना आजच विचारून भिंतीवर लावा. एरवी नीट असणाऱ्या आजी सकाळी उठवताच येत नसतील, तर ती निव्वळ झोप समजू नका, शुगर बघा.

*शुगर उतरली, पण पाण्याचा ठसका लागतो.* ७० च्या खाली आकडा म्हणजे उतरलेली शुगर. सगळ्यांना पाठ असतं, साखरपाणी द्या. आपल्या आजींना पातळ साखरपाणी छातीत जाईल. त्यांच्यासाठी एक मोठा चमचा मध किंवा औषधाच्या दुकानातलं ग्लुकोज जेल, थोडं थोडं, ताठ बसवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८. विस्मरणामुळे आजी "चक्कर येते" असं सांगणार नाहीत, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड-थरथर लपते. घाम मात्र लपत नाही. गार घाम आणि अचानक चिडचिड दिसली की आधी शुगर.

*लघवी होते म्हणून पाणी तोडलं.* मदतनीस हे लपून करते, कधी घरचेच सुचवतात, कधी आजी स्वतःच पीत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, चक्कर, भ्रम हे सगळं एकामागून एक येतं. पाणी तोडायचं नाही, त्याची वेळ बदलायची: बहुतेक पाणी सकाळ ते संध्याकाळ, झोपण्याआधी थोडंच. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजाराने डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा दिली असेल, तर तीच अंतिम. लघवी वाढवणारी गोळी रात्री असेल, तर सकाळी हलवता येईल का, हे विचारा.

*मऊ अन्न आणि मधुमेह.* मऊ म्हटलं की पेज, साबुदाणा आणि चहात बुडवलेली बिस्किटं दिवसभर चालतात, शुगर चढते आणि अंगातलं मांस उतरतं. डाळ जास्त घातलेली गुरगुट्या खिचडी, घोटलेलं घट्ट वरण, दही, मऊ पनीर, खाणाऱ्यांना मऊ अंडं असा बदल करा. एकादशी-चतुर्थीचा उपास आजींना प्रिय असतो. तो मोडायला मदतनीसाला लावू नका. उपासाच्या दिवशीच्या औषधांचं घरच्यांनी डॉक्टरांशी आधी बोलून ठेवायचं.

*ऐकत नाहीत, हट्टी झाल्यात.* आधी कानाच्या यंत्राची बॅटरी, मग चष्म्याची काच, मग दुखतंय का, शी झालेली नाही का, लघवी लागलीय का. एवढं पाहून झाल्यावरच विस्मरणाकडे वळा. वाद घालू नका, एका वेळी एकच सूचना द्या. नाही म्हणाल्या तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा या.

*कालपर्यंत ठीक होत्या, आज बरळतायत.* या एका ओळीसाठी हा सगळा टप्पा वाचा. तासा-दिवसांत अचानक आलेला गोंधळ, रात्रभर जागणं, किंवा उलट एकदम गप्प होऊन पडून राहणं, याला "म्हातारचळ" म्हणून सोडून देतात. विस्मरण महिन्या-वर्षांनी वाढतं. अचानक आलेल्या भ्रमामागे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, मळ खडा होणं किंवा नवं औषध असतं, आणि बरेचदा ते बरं करता येतं. त्याच दिवशी डॉक्टर.

टप्पा ८: नोंदवही आणि निरोप

वाचता-लिहिता न येणारी उत्तम मदतनीस असते, तिला वहीची भीती दाखवू नका. चित्रांचे रकाने आणि खुणा करा: पेला, ताट, शी, झोप, गोळी. बाकी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवू दे. मदतनीसाला निरीक्षण सांगायला शिकवा, निदान करायला नाही. "बरं वाटत नाही त्यांना" यातून डॉक्टरांना काही कळत नाही. "सकाळपासून दोन वेळाच लघवी, रंग गडद, दुपारी अर्धी वाटी खिचडी, एरवी मला नावाने हाक मारतात, आज नाही मारली" यातून कळतं.

कधी काय, हे तीन पातळ्यांवर पाठ करून घ्या. तोंड वाकडं, एक हात खाली पडणं, जीभ जड होणं, छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध जाणं: १०८, मग घरच्यांना. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून आजी शेवटच्या ठीक कधी होत्या, ती वेळ सांगता आली पाहिजे. ताप, नवा भ्रम, त्वचेवर डाग, दिवसभर न खाणं, तीन दिवस शी नाही: आजच डॉक्टर. बाकी सगळं संध्याकाळी घरच्यांना.

सावधान: लवकर कळवलं म्हणून तिला एकदा जरी "एवढ्याशासाठी फोन?" असं ऐकवलं, तर पुढच्या वेळी ती वाट बघत बसेल.

टप्पा ९: एकटीवर सोपवण्याआधी

प्रत्येक काम चार पायऱ्यांनी द्या. तुम्ही करा, ती पाहील. दोघी मिळून करा. ती करेल, तुम्ही हात मागे बांधून पाहा. मग ती करेल आणि तुम्ही शेजारच्या खोलीत. अंघोळ, भरवणं आणि उठवणं या तिन्ही गोष्टी चौथ्या पायरीला पोचल्याशिवाय घर तिच्यावर सोडू नका. "समजलं का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी हो असतं. "मी नवीन आले असं समजा आणि मला शिकवा" म्हणा. सांगताना ती जी पायरी गाळते, तीच उद्या गाळणार आहे.

रात्र वेगळी शिकवा. अंधारात, झोपेतून उठून, आजी घाबरलेल्या असताना कमोडपर्यंत नेणं हे दिवसाच्या सरावात येत नाही. निदान एक रात्र घरातलं कोणीतरी तिच्याबरोबर जागं राहावं.

दिवस-रात्र दोन मदतनीस असतील, तर दहा मिनिटं दोघींची एकत्र हवीत, आजींच्या पलंगाशी, वही उघडून. दारात चपला घालता घालता दिलेल्या निरोपात गोळी दोनदा जाते किंवा जातच नाही.

महिन्याने टप्पा १ चा कागद काढा. वजन, चालणं, खाणं, झोप, मन पुन्हा पाहा आणि बदललेल्या ओळी मदतनीसासमोर बदला. रुग्णालयातून घरी आल्यावर महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी, कारण आजींची ताकदही बदललेली असते आणि औषधंही. सुट्टीवर गेलेल्या मदतनीसाच्या जागी बदली आली, तर तिचा अनुभव कितीही असो, टप्पा ३ आणि ५ तिच्याकडून तुमच्यासमोर करून घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका.